वर्षाचं टार्गेट कुठपर्यंत आलं? कंझऱ्याच्या नोंदी आणि आपली घरची वही

यंदा घरात काय काय करायचं ठरलं होतं, असं विचारलं तर तुम्ही पटकन सांगाल. छपराचे टिन बदलायचे, गहाण सोनं सोडवायचं, धाकट्या बहिणीची ॲडमिशन करायची, आणि स्वतःचं म्हणाल तर नेट किंवा सेट काढायची. पण यातलं कोणतं काम आजच्या तारखेला किती झालं, असं विचारलं तर? आमच्या चांदूर रेल्वेत याला एकच उत्तर मिळतं: "चालू आहे ना." उद्या पीएचडीला लागलात की गाइड हाच प्रश्न विचारतील आणि तुमच्या तोंडून हेच उत्तर जाईल. अडचण एवढीच की "चालू आहे" यात काहीही मोजलेलं नसतं.

डायरी लिहा, शिस्त लावा, पहाटे उठा असं सांगणारे पुष्कळ आहेत, मी त्यात भर घालत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. वर्षाच्या ध्येयाची प्रगती बघणं हे मुळात मापनाचं काम आहे, आणि मापनात जिथे जिथे गडबड होते तिथे तिथे इथेही होते. संशोधनाला बसण्याआधी हे घरच्या वहीवर शिकून घेतलं तर पुढे लॅबमध्ये किंवा फील्डवर फुकटात कामी येतं.

आपल्याच लाइनवरचं एक गाव

चांदूरहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की बडनेरा येतं, मग मूर्तिजापूर. त्या मूर्तिजापूर तालुक्यात कंझरा नावाचं गाव आहे. विकासाचं अर्थशास्त्र शिकणाऱ्या परदेशातल्या विद्यार्थ्याला कदाचित अकोला ठाऊक नसेल, पण कंझरा हे नाव त्याने वाचलेलं असू शकतं. त्याचं कारण असं.

हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था आहे, १९७२ सालची. कोरडवाहू भागातलं शेतकरी कुटुंब नेमकं जगतं कसं, हे समजून घ्यायला तिने १९७५ मध्ये सहा गावं निवडली. अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेड, सोलापूरकडची शिरापूर आणि कलमण, आणि महबूबनगर जिल्ह्यातली ऑरेपल्ली आणि डोकूर. प्रत्येक गावात ४० घरं घेतली: १० भूमिहीन मजुरांची, आणि लहान, मध्यम, मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी १०. गावातच मुक्कामाला असलेला, तिथली भाषा बोलणारा माणूस साधारण दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जायचा. मागच्या भेटीपासून आजपर्यंत काय पेरलं, मजुरी किती दिवस मिळाली, काय विकलं, काय आणलं, कोणाकडून उसने घेतले, हे सगळं लिहून घ्यायचा. कंझऱ्यासह तीन गावांत हे दहा वर्षं सलग चाललं. २००१ नंतर हे काम पुन्हा सुरू झालं आणि पुढे वाढलं.

आता विचार करा, दर तीन-चार आठवड्यांनी जायची गरज काय होती? वर्षाच्या शेवटी एकदा जाऊन विचारलं असतं तर पैसा आणि श्रम दोन्ही वाचले असते. पण वर्षाच्या शेवटी माणूस वर्ष सांगत नाही, वर्षाबद्दलचं स्वतःचं मत सांगतो. कापसाला भाव मिळाला असेल तर "यंदा बरं गेलं", आणि मार्चमध्ये दवाखाना लागला असेल तर "यंदा तं काहीच नाही उरलं बावा". दोन्ही वाक्यं एकाच आकड्यांच्या वर्षाबद्दल असू शकतात.

आठवणीची ही भानगड संशोधकांना जुनीच आहे. १९६४ मध्ये नेटर आणि वाक्सबर्ग या दोघांनी अमेरिकेत घरदुरुस्तीच्या खर्चाबद्दल लोकांना विचारून पाहिलं. त्यात दिसलं की लोक नुसतं विसरत नाहीत, जुना खर्च अलीकडे ओढूनही आणतात. चार महिन्यांपूर्वी बदललेला नळ "आत्ता मागच्या महिन्यातच" बदललेला वाटतो, आणि मोठा खर्च तर हमखास जवळ सरकतो. त्यावर त्यांनी काढलेला उपाय घरी सहज करता येण्यासारखा आहे: नव्या भेटीत आधी मागच्या भेटीची नोंद वाचून दाखवायची, मग पुढचं विचारायचं. म्हणजे तोच खर्च दोनदा पडत नाही.

आपल्या देशात तर याच प्रश्नावरून मोठा वाद झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरखर्च विचारताना मागचे ३० दिवस धरायची पद्धत होती. १९९४ ते १९९८ च्या दरम्यानच्या फेऱ्यांमध्ये प्रयोग म्हणून काही घरांना अन्नासारख्या रोजच्या वस्तूंसाठी फक्त मागचे ७ दिवस विचारले. नोंदलेला खर्च इतका वाढला की त्या हिशेबाने गरिबांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली असती. माणसं तीच, ताट तेच, फक्त प्रश्नातले दिवस बदलले. मग १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत एकाच घराला दोन्ही प्रश्न विचारले गेले, आणि एका उत्तराचा प्रभाव दुसऱ्यावर पडला की नाही, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत राहिले. २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत म्हणूनच वस्तूप्रमाणे ७, ३० आणि ३६५ दिवस असे वेगळे कालावधी ठेवले आणि एकाच घराला तीन वेगळ्या महिन्यांत तीन भेटी दिल्या.

यातून आपल्या वहीला काय मिळतं? किराणा, भाजी, तुमचे अभ्यासाचे तास या गोष्टी आठवड्याने लिहायच्या. लाइट बिल, बचत गटाचा हप्ता महिन्याने. लग्न, दवाखाना, मोटर रिवाइंडिंग असले प्रकार घडले त्या दिवशी, तारखेसकट. सगळं रोज लिहायला गेलात तर वही फेब्रुवारीतच बंद पडेल, हे मी लिहून देतो.

लिहिल्याने काही होतं का?

होतं, पण किती ते नीट समजून घ्या. हार्किन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १३८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्यात १९,९५१ माणसं होती. प्रगतीवर लक्ष ठेवायला लावल्यावर ध्येय गाठण्यात झालेली सुधारणा ०.४० एवढी आली. हा आकडा प्रमाण विचलनाच्या एककात आहे. सोप्या भाषेत, लक्ष ठेवणाऱ्यांपैकी एक आणि न ठेवणाऱ्यांपैकी एक असे कोणतेही दोन जण उचलले, तर पहिला पुढे असण्याची शक्यता साधारण ६१ टक्के. नाणेफेकीपेक्षा बरं, पण चमत्कार नाही. प्रगती कागदावर लिहिली किंवा दुसऱ्या कोणाला सांगितली, तर परिणाम जास्त मिळाला.

मग लोक लिहीत काऊन नाहीत? आळस हे कारण आहेच, पण पूर्ण नाही. याच विषयावर काम करणारे वेब आणि त्यांचे सहकारी याला शहामृगाची अडचण म्हणतात. आकडा वाईट असेल अशी शंका असते, म्हणून माणूस बघतच नाही. पासबुक भरून न आणणं, मॉक टेस्टचा स्कोअर न तपासणं, हे त्याच जातीचं. आणि माझ्या मते बरेचदा आकडा खरं तर वाईट नसतोच, फक्त चुकीच्या रेषेशी ताडून पाहिलेला असतो. यावर जरा थांबू, कारण नोकरदार घरांसाठी बनवलेली ॲप आणि तक्ते आपल्याकडे इथेच फसतात.

बारा समान भाग करू नका

समजा कोरडवाहू पाच एकरांचं घर आहे. सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी. आमच्याकडे सालदाराचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, म्हणून घराचं वर्षही पाडवा ते पाडवा धरू. ध्येय: पुढच्या पाडव्यापर्यंत मुलीच्या ॲडमिशनसाठी ६०,००० रुपये निव्वळ शिल्लक. निव्वळ म्हणजे बँक आणि हातातली रोकड, वजा दुकानाची उधारी, वजा हातउसने, वजा पीककर्ज. पाडव्याला हिशेब शून्यावर आहे असं धरा.

ॲपवाला तक्ता म्हणेल, महिन्याला ५,०००. ऑगस्टअखेर पाच महिने झाले, म्हणजे २५,००० पाहिजेत. प्रत्यक्षात बियाणं, खत, फवारणी आणि शाळेच्या फिया जाऊन हिशेब उणे १८,००० वर आहे. ४३,००० ने मागे! अशा वेळी बाप वही मिटून ठेवतो आणि पोरगी ॲडमिशनचा विषय काढणं सोडते.

आता तोच आकडा मागच्या वर्षाच्या ऑगस्टशी ताडून बघा. मागच्या वर्षी याच तारखेला उणे २६,००० होतं आणि पाडव्याला शेवट ४१,००० वर झाला. म्हणजे यंदा घर ८,००० ने पुढे आहे. मागच्या वर्षी ऑगस्टअखेरपासून पाडव्यापर्यंत किती चढलं? उणे २६,००० पासून ४१,००० पर्यंत, म्हणजे ६७,०००. यंदाही तेवढंच चढलं तर उणे १८,००० अधिक ६७,०००, म्हणजे ४९,०००. ध्येयाला ११,००० कमी.

आता घरात बोलायला काहीतरी हाताशी आलं. ११,००० ची तूट ऑगस्टमध्ये कळली तर छपराचं काम एक वर्ष पुढे ढकलता येतं, कॉलेजात हप्ते मिळतात का विचारता येतं, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरता येतो. तीच तूट मार्चमध्ये कळली तर सोनं पुन्हा गहाण, किंवा "एक वर्ष थांब बाई" हे वाक्य. एक वर्ष थांबलेल्या किती मुली पुन्हा कॉलेजात गेल्या, हे तुमच्या गल्लीत तुम्हीच मोजून बघा.

मागच्या वर्षाच्या त्याच तारखेशी तुलना करणं म्हणजे संशोधनात ज्याला ऋतुमानाचा परिणाम वेगळा काढणं म्हणतात, त्याचं सगळ्यात गरीब रूप. एकाच वर्षाचा आधार कच्चा असतो, मान्य. मागचं वर्ष अतिवृष्टीचं असेल तर तुलना फसवी होते. दोन-तीन वर्षांच्या वह्या असतील तर प्रत्येक वर्षाची चढण काढा आणि अंदाज एक आकडा न सांगता "अमुक ते अमुक" असा सांगा.

माप बदललं की वर्ष बदलतं

निव्वळ शिल्लक असा शब्द मी मुद्दाम वापरला. नुसती "बचत" असं ध्येय ठेवलं तर ते गाठणं फार सोपं आहे: बँकेत पैसे टाकत राहायचे आणि किराणा उधारीवर आणायचा. आकडा वाढतो, घर तिथल्या तिथे. एखादं माप ध्येय झालं की ते चांगलं माप राहत नाही, हे गुडहार्टच्या नावाने सांगितलं जातं. अभ्यासाचे तास हे माप ठेवलं की आपण पुस्तकासमोर बसलेले तास मोजू लागतो, हे तर तुम्हाला सांगायलाच नको.

घरात पडलेल्या मालाचं काय करायचं? दहा क्विंटल सोयाबीन भाव वाढेल म्हणून ठेवलंय. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, त्याने किंमत धरली तर ५३,२८०. बाजार समितीत त्या दिवशी ४,५०० मिळत असतील तर ४५,०००. नुसत्या भावाच्या निवडीने ८,२८० रुपयांची "प्रगती" झाली. नियम कोणताही ठेवा, पण आधी ठरवा आणि वर्षभर तोच पाळा. मी स्वतः त्या दिवशी खरोखर हातात पडेल तोच भाव धरतो.

हे किरकोळ वाटत असेल तर परत कंझऱ्याला या. १९९४ मध्ये रॉबर्ट टाउनसेंड यांनी कंझरा, शिरापूर आणि ऑरेपल्लीच्या नोंदी घेऊन एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यात दिसलं की एखाद्या घराचा खाण्यापिण्याचा खर्च त्या घराच्या त्या वर्षीच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरी खर्चासोबत जास्त हलतो. म्हणजे एकाचं पीक बुडालं तरी उसनवारी, साठवलेलं धान्य, नातेवाईक यांच्या जोरावर ताट फारसं रिकामं होत नाही. पूर्ण विमा उतरवल्यासारखं संरक्षण मिळतं असं मात्र त्यांच्या आकड्यांतून निघालं नाही. १९९७ मध्ये रॅव्हेलियन आणि चौधरी यांनी त्यावर टिपण लिहून खर्च कसा मोजला यावरच बोट ठेवलं. मोजण्याची पद्धत बदलली तर घरचा खर्च घरच्या कमाईसोबत जास्त हलताना दिसतो, असं त्यांचं म्हणणं. गाव तेच, घरं तीच, आणि इतक्या काटेकोर नोंदींवरूनही निष्कर्ष मापावर अडला. तुमच्या थिसिसमध्ये "पद्धती" हे प्रकरण एवढं मोठं का असतं, ते इथे समजतं.

ध्येय बदलायचं असेल तर

वर्षाच्या मध्यात ध्येय बदलावं लागतं, त्यात गैर काही नाही. पण जुनं खोडू नका. एक रेघ मारा, शेजारी तारीख टाका, नवं ध्येय आणि कारण लिहा. क्लिनिकल ट्रायलच्या जगात याला फार किंमत आहे. आपल्याकडे ट्रायलची नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून बंधनकारक झाली, ती याचसाठी: काय मोजणार ते आधी जाहीर करा. कॅप्लन आणि अर्विन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगाशी संबंधित मोठ्या ट्रायल तपासल्या. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता, आणि मुख्य माप आधी जाहीर करणं आल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये. या काळात इतरही गोष्टी बदलल्या, म्हणून सगळं श्रेय नोंदणीला देता येत नाही. तरी दिवाळीनंतर "आपलं ध्येय मुळात पेपर लिहिण्याचं नव्हतंच, वाचनाचं होतं" असं मन म्हणू लागलं, की हे १७ आणि २ आठवा.

पीएचडीला लागल्यावर हे काम नियमानेच येतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. तिथे सहा महिन्यांचं आठवून सांगणारे आणि वहीतून वाचणारे पहिल्या दोन मिनिटांत वेगळे ओळखू येतात. वेळेचा अंदाजही आधीच्या नोंदीवरूनच करा. ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध पूर्ण करत आलेल्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील ते विचारलं. सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळं बिघडलं तर किती, याचं उत्तर ४८.६. लागले ५५.५. मागचं प्रकरण लिहायला तुम्हाला सात आठवडे लागले असतील तर पुढच्याला तीन लागतील, हे कोणत्या आधारावर म्हणता?

फेलोशिपचंही तसंच. जेआरएफचे महिन्याला ३७,००० हा मंजूर आकडा आहे. तो दर महिन्याच्या १ तारखेला खात्यात येईलच असं धरून घराचं ध्येय ठेवू नका. "मंजूर" आणि "जमा" असे दोन रकाने ठेवा आणि घरच्यांना दुसराच दाखवा.

शेवटची एक गोष्ट, जी पुस्तकांत कमी सापडते. वही कोणाच्या हातात आहे ते बघा. तुम्ही शिकलेले म्हणून पेन तुमच्याकडे येतं, आणि मग घराची ध्येयं म्हणून तुमचीच ध्येयं लिहिली जातात. आईला विचारा, तिचं यंदाचं काय आहे. आमच्याकडे विचारलं तेव्हा "घरातच नळ पाहिजे" हे पहिल्यांदा कागदावर आलं, त्याआधी कित्येक वर्षं ते कोणाच्याच यादीत नव्हतं. आणि दुसऱ्याच्या खर्चाची नोंद त्याला न विचारता ठेवू नका. ते लगेच पाळतीसारखं वाटतं, आणि मग लोक खरं सांगणं बंद करतात.

सराव करायचा असेल तर इक्रिसॅटच्या या गावांच्या नोंदी अभ्यासकांसाठी खुल्या आहेत. कंझऱ्याचं एक घर निवडा, त्याचं एक वर्ष उतरवून घ्या, आणि ऑगस्टअखेरचा आकडा बघून पुढच्या मार्चचा अंदाज आधी कागदावर लिहा. मग पान उलटून ताडा.